धूर नव्हताच तो: एका छोट्या संग्रहालयातल्या चुकीचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, आठवीतला एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तो धूर नाही आहे जी."

मी म्हणाले, "हो का? बरं, चला, पुढच्या खोलीत चला सगळे."

प्रकरण एवढंच. पण त्या "बरं, चला"मुळे पुढचे अडीच महिने आम्ही एक मॉडेल फोडलं, एकमेकांशी भांडलो, एका विश्वस्तबाईंचा अबोला सोसला आणि आमच्या संग्रहालयाचा मधला भाग नव्याने मांडला. शाळेच्या सहली काढणाऱ्या शिक्षकांना आणि अशी छोटी संग्रहालयं चालवणाऱ्यांना उपयोग होईल, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते. संग्रहालयाचं नाव देत नाही. चूक आम्हा सगळ्यांची होती, आणि त्यात माझा वाटा मोठा होता.

जागा

नागपुरात संग्रहालय म्हटलं की आधी अजब बंगला आठवतो, १८६३ चा. विज्ञान म्हटलं की गांधीसागरासमोरचं रामन विज्ञान केंद्र, १९९२ चं. आमचं त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. एका जुन्या गोदामाच्या तीन खोल्या, वर पत्रे. मे महिन्यात आत उभं राहवत नाही, त्यामुळे उन्हाळाभर कुलूप. विषय एकच: पर्यावरण आणि उद्योग. या शहरात तो विषय शोधायला लांब जावं लागत नाही. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं, कामठी, सावनेरचा कोळसा, मनसरचं मँगनीज. दुसऱ्या बाजूंना उमरेडचा कोळसा, हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसी. एम्प्रेस मिलचा भोंगा तर १८७७ पासूनचा, आता नुसता आठवणीत. आणि याच उत्तरेकडून, पेंचच्या जंगलातल्या धरणातून, शहराचं पिण्याचं पाणी येतं. कोळसा, वीज, वाघ आणि नळाचं पाणी, सगळं एकाच दिशेला.

आमच्याकडे काचेची कपाटं नाहीत. दारातच पाटी आहे: "हात लावा." मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि दर शनिवारी इथे मुलांना फिरवते. त्या पाटीचा मला फार अभिमान होता.

पहिल्या खोलीत कोळसा आणि राख. दुसरीत वीज. तिसरीत नाग नदी, म्हणजे पाण्याच्या तीन बरण्या, एक भिंतभर नकाशा आणि बटण दाबलं की पेटणारे दिवे: लाव्हाच्या टेकड्या, अंबाझरी, शहर, मग पुढे कन्हान.

ती सहल

कोराडी-सावनेर रस्त्याकडची शाळा. छेचाळीस पोट्टे, एक बस, दोन शिक्षक, हाताशी दोन तास. त्यातली पंधरा मिनिटं चपला काढण्यात गेली.

पहिल्या खोलीत मी कोळशाचा तुकडा, चुलीतली राख आणि वीज केंद्रातली राख अशा तीन पराती ठेवते. चुलीची राख बोटांना खरखरीत लागते, मध्ये न जळालेलं काहीबाही असतं. वीज केंद्रातली उडती राख मात्र पावडरीसारखी. चिमटीत धरली की निसटते. बोटं चोळली तर आधी काही हाताला लागतच नाही आणि मग बघावं तर रेषारेषांत करडा रंग बसलेला. भिंगाखाली तिचे कण चक्क गोल दिसतात, मण्यांसारखे. भट्टीच्या उष्णतेत वितळून, हवेत तरंगताना थिजलेले. काही मणी आतून पोकळ असतात, ते पाण्यावर तरंगतात. शहरातली मुलं इथे "ईऽऽ" करतात. या मुलांनी केलं नाही. एकीने परातीकडे बघून शांतपणे सांगितलं, "राखड आहे." त्यांच्यासाठी ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी, ट्रकमधून सांडणारी रोजची वस्तू. जुलै २०२२ च्या पावसात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी कोलार, कन्हान नद्यांपर्यंत गेलं. ते त्यांच्यातल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मात्र भिंग कसं धरायचं ते समजावत राहिले.

आता वाटतं, पाहुणे कोण आहेत हे मला इथेच कळायला हवं होतं.

दुसऱ्या खोलीत हाताने फिरवायचं जनित्र आहे. एक जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब आणि एक नऊ वॅटचा एलईडी, मध्ये खटका. एलईडीवर मूल गप्पा मारत दांडा फिरवतं. खटका पिवळ्या बल्बवर टाकला की दांडा एकदम जड होतो, जणू कोणी मागून धरला. हे यंत्र कधीच फसत नाही. रांग लागते, पैजा लागतात, घाम येतो. वीज म्हणजे काय, हे मी फळ्यावर तीस वर्षांत जितकं शिकवलं नसेल तितकं तो दांडा दहा सेकंदांत शिकवतो.

त्याच्या शेजारी होतं ते मॉडेल.

दोन मीटर लांब फळीवर वीज केंद्र. पुढे दोन मोठे राखाडी टॉवर, डमरूसारखे, कमरेत बारीक. आत मिस्ट मेकर, म्हणजे पाण्याचं धुकं करणारं छोटं यंत्र, बसवलेला. लाल बटण दाबलं की टॉवरच्या तोंडातून पांढरे लोट बाहेर पडायचे आणि खालून तांबडा दिवा लागायचा. पाटीवर लिहिलं होतं, "कारखान्यांचा धूर, हवेचा शत्रू". बाजूला हिरवं बटण. ते दाबलं की कागदी झाडांमागचा छोटा पंखा सुरू व्हायचा आणि धूर नाहीसा! मुलं लाल-हिरवं, लाल-हिरवं करत बसायची. आम्ही म्हणायचो, बघा, किती रमतात.

खरी चिमणी मागे होती: लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक बारीक नळी, टॉवरच्या खांद्याएवढी. तिच्यातून काहीच निघत नव्हतं. ती शोभेसाठी होती.

मुलगा तेव्हा बोलला. मोठ्याने नाही, नुसतं माझ्याकडे बघून. मागे चाळीस मुलं, घड्याळात पावणेबारा होत आलेले, बारा वाजता त्यांचा डबा. मी त्यांना पुढे काढलं. तो तिसऱ्या खोलीत आला, पण नंतर काही बोलला नाही, आणि त्याने कशालाही हात लावला नाही.

चपलांच्या रॅकपाशी

माझ्या मनात ते टोचत होतं. निघताना तो चपला घालत होता, तेव्हा जवळ जाऊन विचारलं, "काहून रे, धूर नाही म्हणतोस?"

त्याचं उत्तर जसंच्या तसं आठवतं, कारण ते विज्ञानाच्या पेपरात पूर्ण गुण मिळण्यासारखं होतं.

"मॅडम, तो कूलिंग टॉवर आहे. बाबा म्हणतात, मोठा कूलर आहे तो. धूर असता तर उन्हाळ्यात जास्त दिसला असता ना. उन्हाळ्यात प्लांट फुल चालते, पण वरून काहीच दिसत नाही. थंडीतच दिसते."

बस निघाली. अभिप्रायाच्या वहीत सगळ्यांनी लिहून ठेवलं होतं, "छान आहे". त्यानेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सातला गाडी काढून कोराडीच्या रस्त्याला गेले. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, देवीच्या दर्शनाला तर लहानपणापासून. टॉवरांवर पांढरे ढग होते, भरगच्च. पण ते फार लांब जात नव्हते. थोडं अंतर गेले की निळ्या आकाशात विरत होते. धूर असा विरत नाही. तो पातळ होतो, पण मळकट पट्टा दूरवर राहतो. मागच्या उंच सडपातळ चिमण्यांच्या तोंडाशी डोळे बारीक करून पाहिलं तरी जेमतेम काही दिसत होतं. म्हणजे जे जाळून निघतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि जे दिसत होतं ते पाणी होतं.

नागपूरकराला हे समजावणं सोपं आहे, आणि हे मला त्या मुलाच्या वडिलांकडून उसनं घ्यावं लागलं याची लाज वाटते. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, मग त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं. हे शेवटचं काम करायला थंड पाण्याच्या नळ्या लागतात. त्या नळ्यांतलं पाणी वाफेची उष्णता घेऊन गरम होतं. ते गरम पाणी टॉवरच्या आत उंचावरून शिंपडतात. खालच्या उघड्या भागातून हवा आत शिरते, गरम होऊन, ओली होऊन वर चढते. थोडं पाणी वाफ होऊन तिच्यासोबत जातं आणि उरलेलं थंड होऊन खाली पडतं. आपला कूलरही हेच करतो. फरक इतकाच की कूलरमध्ये आपल्याला थंड हवा हवी असते, टॉवरमध्ये थंड पाणी. आणि मे महिन्यात कूलरची टाकी का रिकामी होते, हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. दिवसाला चार-पाच बादल्या ओता. ते पाणी हवेत जातं.

थंडीत वर आलेली ओली हवा लगेच गारठते, तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात, म्हणून ढग दिसतो. पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात तेच थेंब तयार होण्याआधी हवा ते पाणी पिऊन टाकते. मुलाचा पुरावा बिनतोड होता. (आमच्यातले एक निवृत्त भौतिकशास्त्राचे सर नंतर म्हणाले, शास्त्राने बोलायचं तर ती वाफही नव्हे, वाफ दिसत नसते, दिसतो तो थेंबांचा ढग. मान्य. पण पाटीवर आम्ही "वाफेचा ढग" लिहिलं आणि सरांची क्षमा मागितली.)

ज्या शहरात १९५८ पासून पर्यावरणावर संशोधन करणारी नीरीसारखी संस्था आहे, तिथे आमचं मॉडेल वर्षभर उभं होतं. शिक्षक आले, इंजिनीयर आले, पालक आले. एकालाही खटकलं नाही, किंवा खटकलं आणि त्यांनीही "छान आहे" लिहिलं.

बैठक

मला वाटलं होतं, पाटी बदलू, दहा मिनिटांचं काम. बैठक अडीच तास चालली.

मॉडेल बनवणारा तरुण आधी नाराज झाला. त्याने नेटवरची चित्रं पाहून टॉवर केले होते, आणि खरंच, प्रदूषणाचं चित्र म्हणून बातम्यांतही हेच डमरू टॉवर छापून येतात. त्याचा दोष म्हणायचा तर आपण सगळेच दोषी.

खरा विरोध विश्वस्तबाईंचा होता. त्यांनी आयुष्यभर राखेच्या आणि नदीच्या प्रश्नांवर काम केलं आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही मुलांना सांगणार, ती नुसती वाफ आहे. मूल घरी जाऊन काय सांगेल? प्रदूषण नसतंच, मॅडम म्हणाल्या, नुसती वाफ असते. तुमची चूक दुरुस्त होईल आणि कंपनीची वकिली होईल."

हा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही आणि आजही नेत नाही. दुरुस्तीने माहिती बरोबर होते, पण मुलाच्या मनातलं चित्र चुकू शकतं. लाल बटण, पांढरा लोट, तांबडा दिवा हे शिकवायला सोपं होतं, कारण शत्रू दिसत होता. खऱ्या चिमणीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, अगदी बारीक कण हे दाखवायचे कसे? सल्फरची मर्यादा केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये घालून दिली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. आठवीच्या मुलाला बटण दाबून हे कसं कळणार?

माझं म्हणणं एवढंच होतं की त्या सहलीतल्या पोरांचे बाप तिथे कामाला आहेत. त्यांना टॉवर म्हणजे काय ते ठाऊक आहे. आम्ही पहिल्याच मॉडेलमध्ये खोटं सांगितलं तर पुढच्या राखेवर, नदीवर आम्ही खरं बोललो तरी ते का ऐकतील? त्या मुलाने तिसऱ्या खोलीत हात का लावला नाही, याचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

बाई शेवटी म्हणाल्या, "करा तुम्हाला हवं ते." आणि तीन आठवडे फोन उचलला नाही.

फोडाफोड

पाणी हा धागा आम्हाला दुरुस्ती करता करता सापडला, आधी डोक्यात नव्हता. पांढरे लोट म्हणजे पाणी, मग किती पाणी, आणि कुठलं पाणी? २०१५ च्याच नियमांत जुन्या, कूलिंग टॉवर असलेल्या केंद्रांना एक मेगावॅट-तास विजेमागे साडेतीन घनमीटर पाण्यात भागवा अशी मर्यादा आहे. मेगावॅट-तास म्हणजे हजार युनिट. भागाकार केला तर एका युनिटला साडेतीन लिटर.

कोराडीचे मोठे संच ६६० मेगावॅटचे, असे तीन. एक संच तासभर पूर्ण चालला तर या हिशेबाने २३ लाख लिटर. दहा हजार लिटरचे सव्वादोनशेच्या वर टँकर, एका तासात, एका संचासाठी. हा आकडा मी दोनदा तपासला.

आणि हे पाणी येतं कुठून? यातला मोठा भाग आपल्या न्हाणीघरांतून आणि संडासांतून. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीला नेण्याची १३० एमएलडीची, म्हणजे रोज १३ कोटी लिटरची व्यवस्था आहे. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे करणारं नागपूर पहिल्या काही शहरांतलं. २०१६ च्या वीजदर धोरणात तर सांडपाणी केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असंच पाणी वापरावं, असं घातलं. जे पाणी इथे वापरलं जातं तेवढं पेंचचं पाणी शहराला सुटतं. मी या शहरात जन्मले आणि मला हे सलगपणे माहीत नव्हतं. भांडेवाडी माहीत होती, पण कचरा डेपो म्हणून.

तर आमच्या खोट्या धुराने एक खरी गोष्ट झाकून ठेवली होती: त्या डमरूतून जे वर जात होतं, त्यात सकाळच्या आपल्या आंघोळीचं पाणी होतं.

नवी मांडणी अशी. टॉवर तेच ठेवले, तांबडा दिवा काढला. टॉवरच्या तळाला पारदर्शक टाकी, तिच्यावर रेघा. ढग सुरू ठेवला की पाण्याची पातळी हळूहळू खाली जाते. टाकीला जोडलेली नळी भिंतीवरून जाते, तिच्यावर आधी "भांडेवाडी", मग पुढे एक छोटं प्लास्टिकचं बेसिन आणि नळ. हिरवं बटण काढून टाकलं. त्याचं मला सर्वांत जास्त समाधान आहे. झाडं लावल्याने हवेला काय मिळतं ते खरंच आहे, पण बटण दाबून धूर जात नाही.

शेजारी टेबलावर एका युनिटचा संसार मांडला: पाण्याच्या साडेतीन बाटल्या आणि काट्यावर पाव किलो राखड. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर, तीस-चाळीस टक्के. युनिटला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो, म्हणून राख पाव किलोच्या आसपास. शाळांना आता आधीच सांगतो, घरचं महावितरणचं बिल आणा. मुलं बिलावरचे युनिट बघतात आणि गुणाकार करतात. मे महिन्यात दोनशे युनिट? सातशे लिटर पाणी आणि पन्नास किलो राख, म्हणजे सिमेंटची एक गोणी. आणि तुमच्या घराच्या सिमेंटमध्येही बहुधा पंधरा ते पस्तीस टक्के हीच राख असते, हे सांगितलं की एखादा हमखास भिंतीकडे बघतो. फेब्रुवारीत आलेल्या एका मुलीचं बिल ९४ युनिटचं होतं. तिने साडेतेवीस किलो काढलं आणि म्हणाली, "आमच्या धाकट्याएवढी."

चिमणी दाखवणं जड गेलं. एका काळ्या खोक्यात उदबत्तीचा धूर सोडून टॉर्चचा झोत टाकतो, तेव्हा उजेडात कण दिसतात. लोकरीवर घासलेली पीव्हीसीची नळी थर्मोकोलचा भुगा ओढून घेते, यावरून चिमणीआधीचं विजेचं गाळणं राखेला कसं धरतं ते सांगतो, आणि नव्याण्णव टक्क्यांवर राख पकडली तरी उरलेली किती, हेही सांगतो. इथवर ठीक. कार्बन डायऑक्साइडसाठी मी गच्चीवरची पाचशे लिटरची काळी टाकी आणली. एका युनिटमागे जो जवळपास किलोभर वायू निघतो त्याला साधारण एवढी जागा लागते. झाकण उघडून आत बघा, काही दिसतं का? कल्पना माझी होती आणि मी तिच्यावर खूश होते. मुलं आत तोंड घालून "ओऽऽ" ओरडतात, आवाज घुमतो, आणि सगळ्यांना तेच आवडतं. विश्वस्तबाई अखेर आल्या, पाच मिनिटं हे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणत होते ते हेच." टाकी अजून तिथेच आहे. काय करावं सुचलेलं नाही.

भाऊ येऊन गेले

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी त्या मुलाचे वडील त्याला घेऊन आले. मीच शाळेतून निरोप पाठवला होता. टॉवरच्या पंपांवर काम करतात. हात मागे बांधून सगळं फिरले. मॉडेलपाशी थांबले.

"मॅडम, चिमणी बुटकी केली तुम्ही. उलटं झालं."

खरंच की. टॉवर एवढे मोठे आणि चिमणी त्याच्या खांद्याला. पाचशे मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांना दोनशे पंचाहत्तर मीटर उंच चिमणी हा आपल्याकडचा जुना नियम. टॉवर त्याच्या पुष्कळ खाली राहतात. आम्ही वाफ-धुरावर महिनाभर डोकं फोडलं आणि हे पुन्हा कोणाला दिसलं नव्हतं.

"आणि खाली असं बंद नसते. चारही बाजूंनी उघडं राहते. आत उभं राहिलं ना, तर बाराही महिने पाऊस राहते. गरम पाऊस. आवाज इतका का बाजूच्या माणसाचं ऐकू येत नाही."

मी म्हणाले, "भाऊ, हे तुम्हीच सांगा मुलांना, एखाद्या शनिवारी."

"ड्यूटी राहते मॅडम," ते म्हणाले. मग मुलाकडे बोट दाखवून, "याला सांगा ना. याला सगळं येते."

मुलगा आत पळाला होता. दांडा फिरवत होता, पिवळ्या बल्बवर.

टॉवरच्या तळाशी आम्ही जाळी कापली आणि आत छोटा शॉवर बसवला. आता वाकून बघितलं की पाऊस दिसतो. मुलं बटणापेक्षा इथे जास्त वेळ थांबतात, गुडघ्यांवर बसून. चिमणी मात्र नवी करायला पैसे नव्हते, म्हणून तिच्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवला आहे. रंग जुळलेला नाही.

चिठ्ठ्या

"हात लावा"च्या खाली आता दुसरी पाटी आहे: "आमची चूक दाखवा." खाली खोकं, कागद आणि सुतळीने बांधलेलं पेन. पेन दोन वेळा चोरीला गेलं. बहुतेक चिठ्ठ्यांत वर्गातल्या कोणाचं तरी नाव आणि बदाम असतो. एकाने पंखे जोरात लावा म्हणून लिहिलं, ते बरोबरच आहे. एका बाईंनी "कन्हान"च्या शुद्धलेखनात आमची चूक काढली आणि ती खरी निघाली, नकाशाच्या कोपऱ्यात.

फेब्रुवारीअखेर एक चिठ्ठी आली. नदीकाठच्या एका वस्तीतल्या शाळेची मुलं येऊन गेली होती, त्यांच्यापैकीच कोणीतरी. अक्षर लहान, दोनच ओळी:

"तिसऱ्या बरणीतलं पाणी नाग नदीचं नाही. झाकण काढलं तरी वास येत नाही. आमच्या घरी बंद खिडकीतून येतो."

ती बरणी दीड वर्षापूर्वी मी स्वतः भरली होती. नळाचं पाणी, चहाची पावडर आणि थोडी माती. मुलांच्या हातात सांडपाणी देणं बरं नव्हे, म्हणून केलं होतं, आणि पाटीवर "पारडीजवळचं पाणी" लिहिलं होतं. भौतिकशास्त्राच्या सरांना दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, झाकणाला सील लावून खरं पाणी ठेवू, पण वासाचं काय?

बरणी सध्या रिकामी ठेवली आहे. शनिवारी पुलावरून बादली सोडायला कोण येणार, ते ठरायचं आहे.